भांडण झालं की मी गप्प होतो, दोन-दोन दिवस बोलत नाही. हे लहानपणातून आलंय का?

विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वय ३१, मूळ गाव बीड जिल्ह्यात, आता छत्रपती संभाजीनगरला राहतात, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर निघायचे ते पाडव्याच्या सुमारास परत. हे अडीच-तीन वर्षांचे झाल्यापासून त्या महिन्यांत आजीपाशी राहायचे. शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, आता आठ महिन्यांची मुलगी आहे. घरात आवाज चढला की यांच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि मग दोन-दोन दिवस अबोला. मिसेस म्हणतात, "तुम्ही दगड होता." कंपनीत मात्र साहेबांचं डोकं थंड म्हणून नाव आहे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे लहानपणामुळे झालं का, या वयात बदलेल का, आणि लेकीला हे लागेल का.

मी अंबाजोगाई-लातूर भागात समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत ऊसतोडीच्या घरातली, आता मोठी झालेली लेकरं बरीच असतात. मामाकडे शिकायला ठेवलेल्या मुली असतात, आश्रमशाळेत वाढलेली मुलं असतात, दहावीनंतर लातूरला खोली करून राहिलेली पोरं असतात. त्यामुळे तुमच्या पत्रातलं फारसं काही मला नवीन वाटलं नाही. पण उत्तर एका ओळीत देण्यासारखंही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय की यात चूक कुणाची, आई-बापाची की तुमची. हा प्रश्न आधी बाजूला ठेवू. घरात मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतलेली, शेत कोरडवाहू, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याने जाऊन भागत नाही. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मात्र कुणाची चूक नव्हती म्हणून लेकराला काही झालंच नाही, असं होत नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तुमच्यासारख्या समंजस मुलांना नेमकं हेच मान्य करायला जड जातं. खरा प्रश्न मला असा दिसतो: राग, भीती, रडू दाटून आलं की त्याचं करायचं काय, हे माणूस पहिल्या काही वर्षांत घरातल्या माणसांकडून शिकतो. तुम्ही काय शिकलात, आणि शिकायचं काय राहून गेलं?

पत्रावरून मला सगळं कळत नाही, हे आधीच सांगते. बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. पहिल्यांदा सोडून गेले तेव्हा लेकरू दीड वर्षाचं होतं, तीनचं की सातचं, याने खूप फरक पडतो. सात वर्षांच्या मुलाला 'पाडव्याला येणार' याचा अर्थ लागतो, दीड वर्षाच्या लेकराला लागत नाही. मागे राहिलेलं माणूस कसं होतं, घरात दारू-मारहाण होती का, भावंडं होती का, हेही बघावं लागतं. मूळ स्वभावाचा भाग वेगळाच. एका आईची, एका घरात वाढलेली दोन लेकरं, एक जरा खुट्ट झालं की दचकणारं आणि दुसरं बिनघोर, हे आपण रोज पाहतो. आणि आजची परिस्थितीही मोजायला हवी. आठ महिन्यांचं बाळ आणि कंपनीच्या शिफ्ट असलेल्या घरात दोघांचीही झोप पुरी होत नसणार. झोप नसली की भांडणं वाढतातच, तिथे बालपण शोधायला जायची गरज नाही.

एवढं सांगून आता तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांकडे येते. एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, "बालपण चांगलंच गेलं, काही तक्रार नाही." आणि बरंच खाली, दुसऱ्याच विषयात, सहज लिहून गेलात की टोळी निघायच्या दिवशी आजी तुम्हाला मागच्या गोठ्यात वासरू दाखवायला न्यायची, आणि परत आलात की ओटा रिकामा असायचा. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यात आहे.

का, ते सांगते. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हॉस्पिटलात ठेवलेल्या लहान मुलांना आई-वडिलांना फारसं भेटू देत नसत. आई आली की मूल रडतं, म्हणून न आलेलीच बरी, असा तिथला समज. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी अशा मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९५२ मध्ये ते मांडलं. मूल आधी आकांत करतं, दाराकडे बघत राहतं. मग थकतं, एका जागी बसून राहतं, नीट खात नाही. आणि मग एक दिवस ते 'रुळतं'. खेळतं, हसतं, कुणाकडेही जातं. वॉर्डातल्यांना हायसं वाटायचं. पण आई भेटायला आली की हेच मूल तिच्याकडे बघायचंही नाही, तोंड फिरवायचं. बोल्बी आणि रॉबर्टसन यांनी सांगितलं की याला रुळणं म्हणू नका. आईची ओढ संपलेली नाही, ती सहन होईना म्हणून मुलाने आत कोंडून घातली आहे. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने मुलांना केव्हाही भेटू द्यावं अशी शिफारस केली.

आपल्याकडे हे बघायला हॉस्पिटलात जावं लागत नाही. पाडव्याच्या सुमारास कुठल्याही वस्तीवर बघा. ट्रक थांबतो, भांडीकुंडी, पत्रे, गोधड्या उतरतात. माय उतरते, हात पुढे करते, आणि दोन वर्षांचं लेकरू आजीचं लुगडं धरून मागे सरकतं. भोवतीच्या बाया हसतात, "वळखंना गं तुला." मायही हसते आणि खाऊची पिशवी पुढे करते. लेकरू पिशवी घेतं आणि परत आजीमागे जातं. आठ-दहा दिवसांनी चित्र उलटतं. आता ते मायला क्षणभर सोडत नाही, ती पाण्याला निघाली तरी भोकाड पसरतं, रात्री पदर मुठीत धरून झोपतं. घरातले म्हणतात, लाडावलं. ते लाडावलेलं नसतं. ही पुन्हा जाणार आहे का, याची ते खात्री करून घेत असतं. त्या दिवसांत जिला वेळ मिळतो आणि जी त्याला हिडीसफिडीस न करता जवळ घेते, तिचं लेकरू पुष्कळ सावरतं.

आता तुमचं वासरू. आजीने ते मायेपोटीच केलं. लेकरू रडू नये, मायचा पाय अडखळू नये. गावोगाव असंच करतात, लेकरू झोपलं असताना निघतात, नाहीतर कुणीतरी दुकानावर घेऊन जातं. मोठ्यांचं काम सोपं होतं. पण लेकराच्या बाजूने बघा. मी रमलो की माझं माणूस निघून जातं, हे त्याच्या मनावर ठसतं. आणि रडायचं तर समोर कुणीच नाही. ज्यांच्यावर रागवायचं ते गेलेले, आणि आजीवर रागवायची छाती होत नाही, कारण आता ती एकच उरली आहे. अशा वेळी लेकराला एकच शहाणपणाची गोष्ट करता येते: गप्प राहणं. तुम्ही तेच केलंत, आणि ते त्या वेळी उपयोगी पडलं. आजीला त्रास झाला नाही, गावाने 'गुणाचं लेकरू' म्हटलं, शाळेत गुरुजींनी कौतुक केलं. कंपनीत मशीन बंद पडल्यावर सगळे ओरडत असताना तुम्ही शांत राहता, त्याचं मूळही तिथेच असावं. म्हणून या सवयीला तुमच्यातला बिघाड समजू नका. पुढे काय करायचं ते यावरून ठरतं. बिघाड काढून टाकायचा असतो. ही सवय ठेवायची आहे, फक्त तिच्या जोडीला दुसरी एक गोष्ट शिकायची आहे.

जे आई-बाप आजही ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी इथेच एक सांगून घेते: सांगून जा. लेकरू रडेल, रडू द्या, दोन मिनिटं उराशी धरा आणि मग निघा. रडून निरोप घेतलेलं लेकरू फसवून मागे ठेवलेल्या लेकरापेक्षा लवकर सावरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. लहानग्याला महिने कळत नाहीत, पण आठवड्याचा बाजार कळतो. एवढे बाजार झाले की येऊ, असं सांगून भिंतीवर खडूने रेघा मारायला शिकवा. एक जुनं लुगडं त्याच्या अंथरुणात राहू द्या. फोन रोज नाही जमला तरी चालेल, पण ज्या वारी लावतो म्हणालात त्या वारी लावाच. हंगामी वसतिगृहात मुलं ठेवणाऱ्यांनीही एवढं पाळलं तर खूप होईल. आणि तुम्ही लिहिलंय की ताई नशीबवान, ती सोबत जायची. धाकट्याला कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, सांभाळायला नऊ-दहा वर्षांची मुलगी नेली जाते, तेव्हा तिचंही काहीतरी हरवतं. ती सगळ्यांचं बघायला शिकते आणि स्वतःला काय हवंय ते तिला सांगता येत नाही. तिच्याशी कधी बोललात तर हे ध्यानात ठेवा.

पण आई नव्हती म्हणजे आधारच नव्हता, असंही धरून चालू नका. आजीचा जिव्हाळा आईच्या बदली काढलेला दुय्यम जिव्हाळा नसतो. लेकराची माणसांवरची ओढ या विषयात पहिलं बारीक काम करणाऱ्यांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ, यांनी सुरुवात केली ती १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत. तिथेही आया शेतात राबत आणि लेकरं घरातल्या इतरांच्या अंगाखांद्यावर वाढत. लेकराचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडतो, हे तिथेच दिसलं. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं गरिबी, आईबापांची भांडणं, व्यसन, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढली होती. त्यांतलंही दर तिघांमागे एक जण चांगलं, जबाबदार, माया करणारं माणूस झालं. अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा एक तरी माणूस कायम पाठीशी होतं: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. आणि जी पोरं अठराव्या वर्षी वाया गेल्यासारखी वाटत होती, त्यांतलीही बरीचशी तिशी-चाळिशीत मार्गी लागली. एखादी चांगली नोकरी, पुन्हा सुरू केलेलं शिक्षण, समजून घेणारा जोडीदार, यांनी ती सावरली. तुम्ही आज त्याच वयात आहात.

मग घरात नेमकं काय घडतं? एन्सवर्थ यांनी पुढे अमेरिकेत एक पद्धत बसवली. वर्ष-दीड वर्षाचं बाळ, अनोळखी खोली, खेळणी. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. बघायचं काय, तर ती गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती आल्यावर ते काय करतं. काही बाळं धावत येतात, बिलगतात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतात पण शांतच होत नाहीत, चिडून हातपाय झाडतात. आणि काही जणू काही घडलंच नाही अशी खेळण्यातच डोकं घालून बसतात. या तिसऱ्या प्रकारच्या बाळांच्या छातीचे ठोके नंतर मोजले गेले. वरून शांत दिसणाऱ्या त्या बाळांच्या छातीत आत धडधड चालूच होती.

हे तुमच्या मिसेसना वाचून दाखवा, असं मी तुम्हाला सांगेन. त्यांना समोर दगड दिसतो, कारण बाहेरून तेवढंच दिसतं. जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत जोडप्यांना समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि अंगाला यंत्रं लावून मोजमाप केलं. तिथेही हेच आढळलं. भांडणात तोंड मिटून घेणाऱ्यांत पुरुष जास्त होते, आणि त्यांच्या छातीचे ठोके बऱ्याचदा मिनिटाला १०० च्या वर गेलेले असत. तेवढी धडधड चालू असताना समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. अंग शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणजे तुम्ही मुद्दाम अबोला धरता असं नाही. पण तुमच्या मिसेसचं दुखणंही खरंच आहे, कारण दोन दिवस न बोलणाऱ्या माणसासमोर राहणं ही शिक्षाच असते. कदाचित त्यांच्या लहानपणी मोठ्या आवाजात मागितल्याशिवाय कुणी लक्षच देत नसेल. मग त्या आवाज चढवतात, तुम्ही आत जाता, तुम्ही आत गेलात की त्या आणखी चढवतात. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत ही जोडी फार दिसते. दोघांपैकी कुणीच वाईट नसतं, दोघंही लहानपणी कामी आलेलीच गोष्ट करत असतात.

हे फक्त बायकोपुरतं नसतं. असे लोक बाहेर कसे असतात ते सांगते, स्वतःशी ताडून बघा. लग्नकार्यात वाढायला पहिले, जेवायला शेवटच्या पंगतीला. मित्राला हॉस्पिटलात न्यायचं असेल तर रात्री दोनला गाडी काढतील, स्वतः तापाने फणफणले असतील तर कुणाला कळू देणार नाहीत. उसने पैसे देतील, परत मागणार नाहीत, आणि मनात मात्र एकेक गोष्ट साठवतील. साहेबाला रजा मागताना यांची जीभ अडखळते. लोक यांना मोठ्या मनाचे म्हणतात, आणि ते असतातही. पण जवळचा मित्र कोण असं विचारलं की विचारात पडतात.

आता बदलेल का, याचं उत्तर. बदलतं, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारायची एक पद्धत तयार केली. आईशी तुमचं नातं कसं होतं याचे पाच शब्द सांगा. आता प्रत्येक शब्दासाठी एक घडलेला प्रसंग सांगा. तिथे एक विलक्षण गोष्ट हाती आली. बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यापेक्षा माणूस ते कसं सांगतो याला जास्त महत्त्व निघालं. काही जण म्हणत, 'छान होतं, प्रेमळ होतं,' आणि प्रसंग विचारला की आठवतच नाही. काही जण अजून त्याच भांडणात अडकलेले, सांगताना आजही हमरीतुमरीवर येणारे. आणि काही जणांचं बालपण खरोखर कठीण गेलेलं, पण ते सलग सांगू शकत होते: हे झालं, मला असं वाटलं, त्यांची अडचण अशी होती, तरी मला लागलंच. या शेवटच्या लोकांची मुलं त्यांच्याशी निर्धास्तपणे जोडलेली आढळली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनमध्ये पीटर फोनागी आणि स्टील दांपत्याने गरोदर बायकांशी अशी बोलणी केली आणि बाळ वर्षाचं झाल्यावर पाहिलं, तर चारांपैकी साधारण तिघींच्या बाबतीत आईच्या सांगण्यावरून बांधलेला अंदाज बरोबर आला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध थोडा कमी भरला, पण राहिला.

म्हणून पहिलं काम तुम्हाला हेच देते. एका वहीत पाच शब्द आईसाठी लिहा, पाच आजीसाठी, पाच वडिलांसाठी, आणि प्रत्येकापुढे एक प्रसंग. 'चांगलंच गेलं' हे एकच वाक्य पुरणार नाही. 'कष्टाळू' हा शब्द पहिल्यांदा येईल, सगळ्यांचा येतो. तो त्यांच्याबद्दल आहे, तुमच्या-त्यांच्या नात्याबद्दल नाही, म्हणून आणखी खणा. प्रसंग आठवत नसेल तर तसंच लिहा की आठवत नाही. वासराचा प्रसंग सविस्तर लिहा. ओटा रिकामा दिसल्यावर तुम्ही कुठे गेलात, हातात काय होतं, त्या रात्री कुणापाशी झोपलात. लिहिताना घसा दाटला तर थांबून थोडं पाणी प्या आणि पुन्हा लिहा. असं लिहून झाल्यावर, जमलं तर, गावी जाऊन आईला विचारा. जाब विचारल्यासारखं नको, "तुम्ही निघायचा तेव्हा मी काय करायचो गं?" एवढंच विचारा आणि ती बोलेल ते ऐका. पुष्कळ घरांत असा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नसतो. आई कदाचित विषय टाळेल, 'जाऊ दे, झालं ते झालं' म्हणेल. टाळलं तर रेटू नका. तिलाही ते पेलावं लागतं.

दुसरं काम भांडणातलं. गप्प होणं बंद करायच्या मागे लागू नका, ते लगेच बंद होणार नाही. फक्त दोन गोष्टी वाढवा: जाताना सांगायचं, आणि ठरल्या वेळी परत यायचं. "मला आत्ता बोलता येत नाही, छातीत धडधडतंय. मी खाली चक्कर मारून येतो, जेवणाआधी बोलू." हे वाक्य दोघं शांत असताना आधीच ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी नवं वाक्य सुचत नाही. चक्कर मारताना तिला काय सुनवायचं याची जुळवाजुळव केलीत तर धडधड उतरणार नाही. रस्त्याकडे बघा, पावलं मोजा. आणि जेवणाआधी म्हणालात तर जेवणाआधीच बोला, मग दोनच वाक्यं का असेनात. पहिल्यांदा तुमचं बोलणं वेडंवाकडं होईल. "मला राग आला होता," एवढंही पुष्कळ आहे. मिसेसनी त्या वेळी 'एवढंच?' म्हणू नये, एवढी विनंती माझ्या वतीने त्यांना करा. तुमचं माणूस न सांगता जायचं. तुम्ही सांगून जायला आणि ठरल्या वेळी यायला लागलात की घरात जे पक्कं होईल ते मिसेसच्या मनात होईलच, पण तुमच्याही मनात होईल. सुरुवातीला दहापैकी दोनदा जमलं तरी चालू ठेवा. मी पाहिलंय ते असं की अबोला आधी दोन दिवसांवरून एका रात्रीवर येतो, मग काही तासांवर. पूर्ण जात नाही, आणि तो जायलाच पाहिजे असंही नाही.

तिसरं काम छोटं आहे पण लोकांना हेच जड जातं: आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी काहीतरी मागा. सहकाऱ्याला म्हणा, आज माझा रिपोर्ट तू भर. भावाला म्हणा, येताना दूध आण. नाही म्हणाला तर आभाळ कोसळत नाही, हे अंगाला कळायला वेळ लागतो.

आता लेकीचं. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे, आणि ती काळजी आहे हेच मला आशेचं वाटतं. आठ महिन्यांच्या बाळाला बापाने काय बोलावं हे सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बोलायचं नाहीच, उत्तर द्यायचं. ती 'बा' म्हणाली की तुम्हीही म्हणा. तिने पंख्याकडे बोट केलं की तुम्हीही बघा. ती तोंड फिरवेल तेव्हा तिला उसंत हवी आहे असं समजा, गुदगुल्या करून वळवू नका. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-खेळत असते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा करून नुसती बघत बसते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, आईला परत आणायचे सगळे उपाय करतं, आणि शेवटी अंग सैल सोडून मान वळवतं. आई पुन्हा हसली की थोडा वेळ लागतो, पण बहुतेक बाळं परत येतात. म्हणजे तुम्ही गप्प बसता ते तिला आत्ताही कळतं. पण याच कामातून ट्रॉनिक यांना हेही दिसलं की चांगल्या, मायाळू आया आणि त्यांची बाळं यांचंही बहुतेक वेळ एकमेकांशी जुळत नसतं. जुळतं, तुटतं, पुन्हा जुळवलं जातं, आणि या पुन्हा जुळवण्यातूनच बाळ शिकतं. तुम्ही चोवीस तास हसरे असण्याची तिला गरज नाही. तुम्ही परत येता, हे तिला कळलं पाहिजे.

घरातल्या वडीलधाऱ्या म्हणतील, रडली की लगेच उचलू नका, हाताची सवय लागेल. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांचं १९७२ चं काम याच्या उलट सांगतं. पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर उत्तर मिळालं, ती बाळं वर्षअखेर कमी रडत होती. उचला खुशाल.

शेवटी, कुठे या सल्ल्याबाहेर जायला हवं ते. भांडणात हात उचलला जात असेल, दारूशिवाय झोप येत नसेल, कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वही आणि चक्कर यावर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही ठिकाणी मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात बायकांना येणारी उदासीही वेगळी तपासावी लागते, तेव्हा मिसेसच्या झोपेची आणि खाण्याची तुम्ही होऊन चौकशी करा. यातलं काहीच नसेल आणि नुसतं बोलायला कुणी हवं असेल तरी समुपदेशकाकडे जायला हरकत नाही. पहिल्या भेटीला एकटे जा. मिसेसना कधी सोबत आणायचं ते तुम्ही आणि समुपदेशक मिळून ठरवा, आणि तोवर घरी त्यांना एवढं तरी सांगून ठेवा की तुम्ही कुठे जाताय.